चाळ मागास नाही, चाळीचा अभ्यास अर्धवट आहे

ऑगस्ट उजाडला, की कांद्यावर लेख येऊ लागतात. दर चढलेले असतात, शहरातला ग्राहक कुरकुरत असतो, आणि मग कुणीतरी आकडा पुढे करतो: साठवणुकीत तीस-चाळीस टक्के कांदा वाया जातो. त्याला लागूनच निष्कर्ष येतो. शेतकरी अजून बांबू-पत्र्याच्या चाळीत कांदा भरतो, म्हणून ही नासाडी. चाळीचे अनुदान थांबवा, तो पैसा शीतगृहांकडे आणि विकिरण केंद्रांकडे वळवा. चाळीवर संशोधन करत बसण्याचे दिवस गेले, असेही त्यात सुचवलेले असते.

हा युक्तिवाद मांडणारी माणसे शेतकऱ्याच्या वाईटावर नाहीत, हे मला मान्य आहे. पण त्यांचे निदान चुकले आहे. निदान चुकले की औषध चुकते, आणि चुकीच्या औषधावर जाणारा पैसा कांदा उत्पादकाच्याच वाट्याचा असतो. म्हणून त्याला मुद्द्यासरशी उत्तर दिले पाहिजे.

आधी आकडा. लुधियानाच्या केंद्रीय काढणीपश्चात अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्थेने 2015 साली देशभरातल्या शेतमालाच्या काढणीपश्चात नुकसानीचा जो अहवाल दिला, त्यात एकूण नुकसान 92,651 कोटी रुपयांचे धरले होते. हा आकडा भाषणांत सर्रास येतो. त्याच अहवालात कांद्याचे नुकसान 8.2 टक्के आहे, हे मात्र भाषणांत येत नाही. मग तीस-चाळीस टक्के खोटे का? नाही, खोटे नाही. पण दोन्ही आकडे वेगवेगळ्या गोष्टी मोजतात. पहिल्यात सगळा कांदा आहे: शेतातून थेट बाजारात गेलेला लाल कांदाही त्यात आला. दुसऱ्यात फक्त चार ते सहा महिने चाळीत ठेवलेला उन्हाळ कांदा आहे. आणि या दुसऱ्या आकड्यात सड आणि कोंब यांच्या जोडीला वजनातली घटही मिळवलेली असते. ही घट म्हणजे मुख्यतः उडालेले पाणी. मे महिन्यात भरलेला कांदा सप्टेंबरात हलका भरतो. त्यात शेतकऱ्याचे नुकसान होतेच, कारण त्याचा माल काट्यावर विकला जातो. पण तो कांदा उकिरड्यावर गेलेला नसतो, तो ग्राहकाच्या ताटात जातो. सड, कोंब आणि घट ही तीन वेगळी दुखणी आहेत, त्यांची कारणे वेगळी आहेत आणि इलाजही वेगळे आहेत. तिघांची बेरीज करून तिला नासाडी म्हणणारा माणूस पुढे कोणताही उपाय सुचवू शकतो, कारण त्याने दुखणे ओळखलेलेच नसते.

आता शीतगृहाचे बघू. कांदा काढल्यावरही जिवंत असतो, श्वास घेतो, उष्णता आणि ओल बाहेर टाकतो. तो दोन तापमानांना नीट टिकतो. एक, शून्य ते दोन अंश सेल्सिअस. दुसरे, पंचवीस ते तीस अंश. दोन्हीकडे हवेतली आर्द्रता 65 ते 70 टक्के असावी लागते. मधल्या तापमानात, विशेषतः दहा ते वीस अंशांच्या पट्ट्यात, कांद्याला झपाट्याने कोंब येतात. हे राजगुरुनगरच्या कांदा व लसूण संशोधन संचालनालयापासून परदेशातल्या प्रत्येक पाठ्यपुस्तकापर्यंत सगळीकडे नोंदलेले आहे. म्हणजे कांदा थोडासा थंड करणे हा त्याचा घातच आहे. थंड करायचा तर पार शून्याजवळ न्यायला हवा, तिथे महिनोन्महिने ठेवायला हवा, आणि त्या विजेचे बिल कुणीतरी भरायला हवे. देशात शीतगृहे आहेतच की, असे कुणी म्हणेल. आहेत, पण त्यांतली बहुतेक बटाट्यासाठी बांधलेली. बटाट्याला नव्वद टक्क्यांच्या आसपास आर्द्रता लागते. त्या ओलसर खोलीत कांदा ठेवला तर त्याला मुळे फुटतील आणि मानेत बुरशी धरेल.

शिवाय शीतगृहातला कांदा कधीतरी बाहेर काढावाच लागतो. भर पावसाळी हवेत थंडगार कांदा ट्रकमध्ये चढवला, की त्याच्या सालीवर पाणी जमते. ओली साल म्हणजे सडीला आमंत्रण. थंडीने दाबून ठेवलेले कोंबही मग भराभर वर येतात. म्हणजे शीतगृहानंतर ग्राहकापर्यंतची सगळी साखळी थंड हवी. लासलगाव, पिंपळगावच्या बाजार आवारात ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून मोकळा कांदा येतो आणि उन्हात लिलाव होतो. तिथे ही साखळी कुठे जोडणार, हे शीतगृहवाल्यांनी कधी सांगितलेले नाही.

विकिरणाचा मुद्दा अधिक आदराने घ्यायला हवा, कारण त्यामागे खरे विज्ञान आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राने लासलगावला ‘कृषक’ हे केंद्र 2002 साली उभारले. कोबाल्ट-60 च्या गॅमा किरणांची 60 ते 90 ग्रे इतकी अल्प मात्रा दिली, की कांद्याच्या आतल्या कोंबाची वाढ थांबते. कांदा खाण्यास सुरक्षित राहतो. याबद्दल वाद नाही. 2023 साली केंद्र सरकारने 150 टन कांद्यावर विकिरणाचा प्रयोग करण्याचे जाहीर केले, आणि पुढच्या वर्षी एक लाख टनांची भाषा झाली.

पण विकिरणाने थांबते काय? कोंब. फक्त कोंब. पाणी उडायचे ते उडतेच. काळी बुरशी, मानकूज, जिवाणूंची सड यांवर एवढ्या कमी मात्रेचा परिणाम होत नाही. आणि आपल्या चाळीत मे ते सप्टेंबर या काळात सर्वांत कमी उपद्रव कोंबांचाच असतो, कारण तापमान पंचवीस अंशांच्या आसपास किंवा वर असते. कोंबांची भीती खरी सुरू होते ती ऑक्टोबरनंतर, गारवा पडू लागल्यावर. त्यात विकिरण सुप्तावस्था संपायच्या आत, म्हणजे काढणीनंतर काही आठवड्यांतच करावे लागते. उशीर झाला तर आतला गाभा काळपट पडतो. म्हणजे जिल्ह्याजिल्ह्यांतला कांदा नेमका मे-जूनमध्ये ट्रॉलीत भरा, केंद्रावर न्या, उतरवा, पुन्हा भरा. प्रत्येक चढ-उतारीत कांद्याला मार बसतो, आणि मार लागलेला कांदा सगळ्यांत आधी सडतो. इतके सगळे करून तो कांदा शेवटी ठेवणार कुठे? चाळीतच, नाहीतर शीतगृहात. विकिरण हे साठवणुकीची जागा घेऊ शकत नाही. लासलगावच्या केंद्राला 2007 साली अमेरिकेने मान्यता दिली आणि तिथून हापूस अमेरिकेला जाऊ लागला, हे मोठे काम झाले. कांद्याच्या साठवणुकीचा प्रश्न मात्र त्या केंद्राच्या उभारणीनंतरही चाळीतच राहिला. सरकारचा राखीव साठाही नाशिक भागातल्या चाळींतच भरला जातो. ज्या चाळीवर लाखो टनांचा सरकारी साठा विसंबून असतो, तिला कालबाह्य म्हणणे शोभत नाही.

आता चाळीकडे येऊ. ऑगस्टच्या दुसऱ्या पंधरवड्यात चांदवड किंवा येवला तालुक्यातल्या एखाद्या चाळीपाशी जाऊन बघावे. पावसाची झड दोन दिवस लागून उघडलेली असते. बाजूला सोडलेली ताडपत्री गुंडाळून वर बांधलेली. जवळ गेल्याबरोबर आंबूस, नाकात शिरणारा वास येतो, चिलटे घोंघावत असतात, आणि फळ्यांच्या फटींतून एखाद्या ठिकाणी तपकिरी पाणी ठिबकत असते. चाळ फोडलेली असली तर बायका निवडायला बसलेल्या असतात. एक ढीग चांगल्याचा, एक गोल्टीचा म्हणजे लहान कांद्याचा, एक चिंगळीचा म्हणजे त्याहून बारीक कांद्याचा, आणि एक फेकायच्या मालाचा. त्यांचे हात बघण्यासारखे असतात. कांदा उचलला की अंगठा मानेवर दाबला जातो. मान मऊ लागली, की तो बाजूला. सालीखाली काजळी दिसली, की तो वेगळा. डोळ्यांनी बघण्याआधी बोटांना कळलेले असते.

त्या बायकांना विचारा, खराब कांदा चाळीच्या कोणत्या भागातून जास्त निघतो. त्या लगेच सांगतील: मधून आणि खालच्या थरातून. कडेचा कांदा वाळून खडखडीत असतो. पत्र्याखालचा वरचा थर उन्हाने चिरमटलेला असतो. मधला मात्र हाताला उबदार लागतो, किंचित ओलसर लागतो. तिथे हवा पोहोचलेली नसते. इतकी नेमकी माहिती दर पावसाळ्यात हजारो चाळींतून उपलब्ध होते आणि उकिरड्यावरच्या ढिगाबरोबर फेकली जाते, कारण ती कुणी लिहून घेत नाही. माझा खरा रोष इथे आहे.

चाळ ही इमारत आहे, आणि तिचे काम हवा खेळवण्याचे आहे. तळ जमिनीपासून दीड-दोन फूट उंच असावा, खालून हवा शिरावी, बाजूंना फटी असाव्यात, कांद्याचा थर चार फुटांपेक्षा रुंद आणि पाच फुटांपेक्षा उंच नसावा, एक पाखी चाळ दक्षिणोत्तर आणि दोन पाखी पूर्व-पश्चिम असावी, या शिफारशी आपल्याच संशोधकांनी चाचण्या घेऊन दिल्या आहेत. राजगुरुनगरचे संचालनालय, राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ, नाशिकचे राष्ट्रीय बागवानी प्रतिष्ठान यांचे हे श्रेय आहे आणि ते द्यायलाच हवे. साठवणीला चांगल्या जाती त्यांनी दिल्या. एन-2-4-1, ॲग्रीफाउंड लाइट रेड, भीमा शक्ती ही नावे कांदा उत्पादकाला पाठ आहेत. काढणीआधी पाणी कधी तोडायचे, उशिरा दिलेल्या नत्राने कांदा का सडतो, पातीखाली झाकून शेतात किती दिवस सुकवायचा, मान किती ठेवून कापायची, हेही त्यांनी सांगितले.

चार फुटांची शिफारस साधी वाटते, पण तिच्यात सगळे शास्त्र आले. पंख्याशिवाय, नुसत्या वाऱ्यावर आणि गरम हवा वर जाण्याच्या नियमावर कांद्याच्या ढिगातून हवा जितकी आरपार जाऊ शकते, तितकीच ही रुंदी आहे. शेतकरी ती पाच-सहा फूट करतो. हट्टाने करतो असे नाही. लांबी वाढवली की खांब वाढतात, पत्रे वाढतात, जागा जाते. रुंदी वाढवली की त्याच खर्चात जास्त माल बसतो. आणि अनुदानाने त्याला याहून वेगळे काही शिकवलेले नाही. वर्षानुवर्षे हे अनुदान टनामागे साडेतीन हजार रुपये होते, 25 टनांना जास्तीत जास्त 87,500. मोजमाप क्षमतेचे. चाळ उभी राहिली, फोटो काढला, रक्कम खात्यात जमा झाली, विषय संपला. त्या चाळीत सप्टेंबरात किती कांदा धड निघाला, हे कोणत्याही अधिकाऱ्याच्या कागदावर येत नाही.

विरोधकांचा सगळ्यांत बळकट मुद्दा नेमका इथला आहे, आणि तो मी टाळणार नाही. ते विचारतात: इतकी वर्षे चाळीला अनुदान देऊनही नुकसान कमी का झाले नाही? उत्तर असे, की आपण पैसा पत्र्याला आणि लोखंडाला दिला, हवेच्या अभ्यासाला दिला नाही. एक आराखडा काढला आणि तो सगळ्या राज्याला वाटला. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिमेला पावसाळी हवा किती ओली असते, आणि येवल्याची किती कोरडी असते? सोलापूरच्या मे महिन्यात पत्र्याखाली जी भट्टी पेटते, ती कळवणला तशीच असते का? एका ठिकाणी घट कमी करण्याचा प्रश्न आहे, दुसऱ्या ठिकाणी सड थोपवण्याचा. दोन्हीकडे तोच पत्रा, तीच उंची, त्याच फटी.

आणि पावसाळ्याचा कूटप्रश्न तर अजून नीट हाताळलाच गेलेला नाही. कांद्याला 65 ते 70 टक्के आर्द्रता हवी, आणि जुलैत झड लागली की बाहेरची हवा नव्वदीच्या वर जाते. तेव्हा चाळ उघडी ठेवली तर ओल आत येते. ताडपत्री सोडली तर कांद्याने श्वासातून सोडलेली ऊब आणि ओल आतच कोंडते. मग काय करावे? दिवसातले कोणते तास उघडी ठेवावी? तळाखालून पंख्याने हवा मारायची तर किती, आणि ती हवा किती ओली असताना मारायची नाही? आर्द्रता दाखवणारे साधे यंत्र काहीशे रुपयांत मिळते. काही शेतकऱ्यांनी स्वतःच चाळीखाली सच्छिद्र पाइप टाकून पंखे बसवले आहेत. पण गावात वीज दिवसा असते की रात्री, एकफेजी असते की तीनफेजी, याचा विचार करून, आपल्या तालुक्याच्या हवेत तपासून, पंखा कधी लावायचा आणि कधी बंद करायचा याचे वेळापत्रक त्यांच्या हातात कुणी दिलेले नाही. जो तो अंदाजाने चालतो. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने 2022 साली कांद्याच्या साठवणुकीसाठी खुली स्पर्धा घेतली, नव्या कल्पना मागवल्या, हे चांगलेच झाले. सड ओळखणारी वायुसंवेदक यंत्रेही आता निघाली आहेत. पण यंत्राने सड सुरू झाल्याचे सांगितले आणि चाळ अशी बांधलेली असली, की मधला टनभर माल काढायला सगळीच फोडावी लागते, तर त्या सूचनेचा उपयोग काय? आधी इमारत बदलली पाहिजे. कप्पे हवेत, बाजूने उघडणारी दारे हवीत.

नेदरलँड्सचा दाखला शीतगृहवाले हमखास देतात. तिथला शेतकरी कांदा मोठ्या शेडमध्ये मोकळा ओततो, जमिनीखालच्या बोगद्यांतून पंख्याने हवा सोडतो, पहिल्यांदा कोमट हवेने कांदा आणि त्याची मान कोरडी करतो, आणि मग सावकाश थंड करतो. त्यांनी सुरुवात हवेपासून केली. त्यामागे शेतीच्या इमारतींचा अभ्यास करणाऱ्या अभियंत्यांच्या पिढ्या आहेत. ब्रिटनमध्ये सिल्सोच्या संशोधन संस्थेने मोकळ्या माळावर सहा मीटरचा घन उभा करून वारा इमारतीवर कसा आदळतो हे वर्षानुवर्षे मोजले होते. गोठा, कोठार, शेड यांच्यावर इतक्या गंभीरपणे काम करणारी ती संस्था 2006 साली निधी थांबल्यामुळे बंद झाली. असे काम दिखाऊ नसते, त्याची फीत कापता येत नाही, म्हणून पहिली कुऱ्हाड त्याच्यावर पडते. आपल्याकडे ते नीट उभे राहण्याआधीच त्याला कालबाह्य ठरवले जात आहे.

गोठ्याचीही गत याहून वेगळी नाही. थंड देशातली होल्स्टीन-फ्रिजियन रक्ताची संकरित गाय आपण आणली आणि तिला बुटक्या सिमेंट पत्र्याच्या छपराखाली दावणीला बांधले. तापमान आणि आर्द्रता यांचा एकत्रित निर्देशांक 72 च्या वर गेला, की अशा गाईचे खाणे आणि दूध घटू लागते. उन्हाळ्यात आपल्याकडे तो दिवसभर त्याच्या वर असतो. मुक्त संचार गोठ्याची कल्पना ज्यांनी स्वीकारली त्यांच्या गाई सावलीत-उन्हात आपल्या मर्जीने फिरतात, आणि भांडवलही कमी लागले. तिथेही छपराची उंची, दिशा आणि मोकळी जागा यांनीच फरक पडला.

पुन्हा कांद्याकडे येऊ. मे 2025 आठवा. मोसमी पाऊस 25 मेलाच राज्यात शिरला. त्याआधीपासूनच अवकाळीने झोडपले होते. काढलेला, पातीसकट शेतात सुकत पडलेला कांदा चिखलात भिजला. भिजलेला कांदा चाळीत भरला तर काय होते हे सांगायला संशोधक लागत नाही. त्या दिवसांत शेतकऱ्याला हवी होती ती पावसात कांदा सुकवता येईल अशी छपराखालची जागा आणि कोमट, कोरडी हवा फेकणारी यंत्रणा. एप्रिल-मे कोरडे जातील हे गृहीत धरून आपली सगळी साठवण उभी आहे, आणि ते गृहीतक आता टिकत नाही. यावर शीतगृह उपाय नाही, विकिरणही नाही. ओला कांदा दोन्हीकडे सडतो.

कांदा साठवणारा शेतकरी नुसता निसर्गाशी झुंजत नाही. ऑगस्ट 2023 मध्ये निर्यातीवर 40 टक्के शुल्क लागले, डिसेंबरात निर्यातच बंद झाली. चाळीत माल असणाऱ्याने सडही सोसली आणि पडलेला दरही. अशा माणसाला तुझी चाळच मागास आहे म्हणणे अन्यायाचे आहे. त्याच्या हातात साठवणुकीचे हेच एक साधन आहे, जे स्वतःच्या शेतात आहे, ज्याला भाडे लागत नाही, आणि ज्याचे दार तो स्वतःच्या निर्णयाने उघडू शकतो. शीतगृहाच्या पावतीवर हा निर्णय दुसऱ्याच्या हाती जातो.

कृषी खाते आणि कृषी विद्यापीठांकडे मागणी आहे ती अशी. कांद्याच्या प्रत्येक मोठ्या तालुक्यात काही चाळी निवडा. मेपासून ऑक्टोबरपर्यंत त्यांतले तापमान आणि आर्द्रता वर, मध्ये आणि खाली अशा तिन्ही ठिकाणी नोंदवा. चाळ फोडताना घट, सड आणि कोंब वेगवेगळे तोला, आणि ते आकडे मराठीत प्रसिद्ध करा. त्यावरून प्रत्येक हवामानासाठी वेगळा आराखडा काढा. अनुदानाचा काही भाग चाळ बांधल्यावर द्या आणि उरलेला चार महिन्यांनंतर, हवा खेळती ठेवणारी सुधारणा केल्याचे बघून. सुकवणीच्या शेडला चाळीइतकेच अनुदान द्या. यातली एकही गोष्ट शीतगृहांच्या साखळीइतकी महाग नाही. पुढचा उन्हाळ कांदा एप्रिलमध्ये निघेल. मोजायला सुरुवात करायची तर यंत्रे मार्चअखेर चाळीत बसलेली असली पाहिजेत.